झाडू, किल्ली आणि नकार

सेवाग्रामच्या बापूकुटीवर भरपूर लिहिलं गेलंय. पण माझ्या ओळखीतल्या, नोकरीला कंटाळलेल्या पंचविशी-तिशीच्या मंडळींमध्ये जो मजकूर पुन्हापुन्हा फॉरवर्ड होतो, तो एका परदेशी माणसाचा आहे. जानेवारी १९७८मध्ये सेवाग्रामला गरीब देशांसाठीच्या तंत्रज्ञानावर एक परिषद भरली होती. तिचं उद्घाटन करायला इव्हान इलिच आला होता. शाळा, दवाखाने आणि मोठी यंत्रं माणसाला परावलंबी करतात, असं मांडणारी त्याची पुस्तकं तोवर जगभर गाजलेली होती. ‘बापूंच्या कुटीचा संदेश’ या नावाने ओळखलं जाणारं त्याचं हे भाषण जेमतेम दोन-तीन पानांचं आहे. बसमध्ये बसल्या बसल्या वाचून होतं.

मी वर्ध्याची. इंजिनिअरिंग करून पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून कोड लिहिते. त्यामुळे या भाषणाशी माझं नातं जरा अवघड आहे. त्यात इलिच म्हणतो, की माणसाच्या विकासासाठी जास्तीत जास्त इंजिनिअर, डॉक्टर आणि प्राध्यापक लागतात हा निव्वळ भ्रम आहे, ही माणसं खरं तर फाजील आहेत. स्वतःला फाजील म्हणवून घेऊनही एखादा मजकूर आवडतो, तेव्हा त्यात काहीतरी दम असतो. पण तो वाचून लोक जो निष्कर्ष काढतात, त्याच्याशी माझं भांडण आहे. शहरात राहून वेगळं जगायचं, स्वतःच्या नियमांवर चालणारी एखादी जागा उभी करायची, असं ज्यांना वाटतं त्यांना हा मजकूर अर्ध्या वाटेवर सोडून देतो.

आधी त्याचं जमलेलं काय, ते बघू.

इलिच पहाटे चारच्या प्रार्थनेला कुटीत बसला होता. तिथे बसून त्याने जागा मोजल्या. चपला काढून आत येण्याची मानसिक तयारी करायची जागा, सगळ्यांनी एकत्र बसायची मधली खोली, गांधीजींची काम करायची जागा, पाहुण्यांची खोली, आजाऱ्याची खोली, उघडा व्हरांडा आणि ऐसपैस न्हाणीघर. एकूण सात. या सातही जागा एकमेकींशी सजीव नात्याने जोडलेल्या आहेत, असं तो म्हणतो. मग तो त्याला दिल्लीत जिथे उतरवलं होतं त्या घराची आठवण काढतो. सिमेंट-विटांचा तो एक डबा, सोयी आणि फर्निचर नीट मावावं म्हणून बांधलेला. घर सामानासाठी की माणसासाठी, हा त्याचा प्रश्न आहे.

टू-बीएचके भाड्याने घेतलेल्या कुणालाही हे लगेच पटेल. फ्लॅटच्या नकाशात टीव्हीची भिंत ठरलेली असते, फ्रिजचा प्लग ठरलेला असतो, आजारी माणसाची जागा मात्र कुठेच नसते. नकाशा वाचून तिथल्या जगण्याबद्दल बोलणं, ही इलिचची खरी ताकद आहे. प्रत्येक जागा कुणासाठी आहे, हे तो विचारतो. आजाऱ्यासाठी वेगळी जागा ठेवणाऱ्या घराने आजाराबद्दल काहीतरी ठरवलेलं आहे, हे त्याला दिसतं.

पण भिंती वाचता वाचता माणसं त्याच्या नजरेतून निसटतात. भाषणात कुटी जणू आपोआप उभी आहे, आपोआप स्वच्छ आहे. हा साधेपणा रोज सकाळी कोण उभा करत होतं, हा प्रश्नच येत नाही.

उत्तर वर्ध्यातल्या शाळकरी मुलांनाही सहलीत ऐकून माहीत असतं. गांधीजी १९३६च्या एप्रिल महिन्यात तेव्हाच्या शेगावला राहायला आले. सुरुवातीला सगळे जण ‘आदी निवास’ या एकाच घरात राहत होते. आज जी बापूकुटी म्हणून दाखवतात ती आधी मीराबेनची झोपडी होती, गांधीजी नंतर तिथे गेले. म्हणजे इलिचने ज्या जागेचं वाचन केलं, तिचा मूळ हात एका बाईचा होता, जिचं नाव त्याच्या भाषणात नाही. आश्रमात स्वयंपाक, झाडलोट, संडास-सफाई सगळ्यांनी वाटून घ्यायची असा नियम होता. पहाटेपासून रात्रीपर्यंतचं वेळापत्रक होतं. साप दिसला तर मारायचा नाही, म्हणून तो धरायचा लाकडी चिमटा आणि ठेवायचा पिंजरा होता, तो आजही तिथे बघायला मिळतो. परचुरे शास्त्री हे कुष्ठरोगी विद्वान तिथे राहायला आले, तेव्हा त्यांच्यासाठी कुटी झाली आणि गांधीजी स्वतः त्यांना मालीश करत. या सगळ्या गोष्टी भिंतींपेक्षा महत्त्वाच्या आहेत. झाडू कुणाच्या हातात आहे, यावरून त्या जागेची समता कळते. इथे तो आळीपाळीने सगळ्यांच्या हातात होता, आणि ज्या समाजात झाडू जातीने ठरतो त्यात ही फार मोठी गोष्ट होती.

मग दुसरा प्रश्न येतो. सेवाग्रामचा झाडू सगळ्यांचा होता, पण निर्णय कुणाचा होता? इथे प्रामाणिकपणे म्हणावं लागतं, की शेवटचा शब्द बापूंचा होता. काय खायचं, कोणी राहायचं, कोणी जायचं, वाद झाला तर कुणाचं बरोबर, सगळं एका माणसाकडे जाऊन थांबायचं. त्याच झोपडीशेजारी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या सरकारने टेलिफोन बसवला होता, कारण देशाचा निर्णय घेतानाही याच माणसाशी बोलावं लागे. ऑगस्ट १९४६मध्ये गांधीजी सेवाग्राममधून गेले आणि परत आलेच नाहीत. ज्या जागेचा निर्णय एका माणसात साठवलेला असतो, ती जागा तो माणूस गेल्यावर जपायची वस्तू होते. बापूकुटीचं तेच झालं. वस्तू म्हणून ती फार सुंदर आहे, आणि इलिच तिच्या सौंदर्याला भुलला यात नवल नाही.

भाषणातला आणखी एक धागा मला खटकतो. दवाखान्यांची संख्या हे लोकांच्या आजारपणाचं लक्षण आहे, असं तो तिथे म्हणाला. त्याच सेवाग्राममध्ये डॉ. सुशीला नायर यांनी आश्रमाच्या कामातून वाढवलेलं कस्तुरबा रुग्णालय होतं आणि १९६९पासून त्याला जोडून मेडिकल कॉलेज होतं. इलिचच्या तर्काने हे आश्रमाचं अपयश ठरतं. प्रत्यक्षात त्याच रुग्णालयातून डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांसोबत एक वेगळाच विमा उभा केला. सुगीच्या वेळी घराघरातून ऐपतीप्रमाणे ज्वारी गोळा करायची, आणि त्या बदल्यात गावाला उपचारात सवलत. शेतकऱ्याच्या घरी पैसा नसतो तेव्हाही कणगीत ज्वारी असते, इतकं साधं निरीक्षण यामागे होतं. सोय म्हटली की माणूस पांगळा होतो, हे इलिचचं सरसकट विधान इथे अडखळतं. सोय कुणी ठरवली, तिच्यात माझा वाटा किती आणि तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे का, यावर ती कुबडी की अवजार हे ठरतं.

आता सेवाग्राम सोडून पवनारला जाऊ. वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम लागतो. २५ मार्च १९५९ रोजी विनोबांनी तिथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, मुख्यतः स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी. बहुतेक लोक तिथे नदी बघून, समाधीला हात जोडून परत येतात. मला मात्र पर्यायी जागांच्या दृष्टीने ही वर्धा जिल्ह्यातली सगळ्यात धाडसी रचना वाटते.

कारण तिथे आश्रमाचा प्रमुख नाही. शेती, स्वयंपाक, सफाई, छपाई, ‘मैत्री’ या हिंदी मासिकाचं काम, सगळं बहिणींनी वाटून घेतलेलं. निर्णय सर्वसंमतीने. बहुमताने नाही, कारण बहुमतात एकावन्न जणांना एकोणपन्नास जणांचं ऐकून घ्यायची गरज उरत नाही. एकीलाही पटत नसेल तर निर्णय थांबतो, पुन्हा बोलणं होतं. विनोबा तेव्हा भूदानासाठी देशभर पायी फिरत होते, म्हणजे संस्थापक बराच काळ जागेवर नव्हताच. त्यांचा शब्द जड होता हे खरं, पण रोजचं राज्य त्यांनी हातात ठेवलं नाही. त्यांचं निधन १५ नोव्हेंबर १९८२ला झालं आणि आश्रम चालू राहिला.

सॉफ्टवेअरच्या जगात याला जवळचं उदाहरण आहे. पायथन ही भाषा ज्याने बनवली तो गिडो वान रॉसम वर्षानुवर्षं तिचा ‘तहहयात हुकूमशहा’ म्हणवला जायचा, प्रेमाने. जुलै २०१८मध्ये एका लहानशा बदलावरून इतका वाद झाला, की त्याने ते पद सोडलं आणि जाताना वारस नेमला नाही. आपलं आपण कसं चालवायचं, हे तुम्हीच ठरवा, असा त्याचा रोख होता. लोकांनी काही महिने घालवून नियम लिहिले आणि २०१९मध्ये पाच जणांचं मंडळ निवडलं. पायथन आज मी रोज वापरते. एखादी जागा स्वायत्त आहे का, याची खरी चाचणी संस्थापक बाजूला झाल्यावर होते, हे पवनार आणि पायथन दोन्हीकडे दिसतं. पवनारने ते जवळपास साठ वर्षं आधी करून बघितलं.

पण सर्वसंमतीची आरती करण्याआधी दोन आक्षेप ऐकायला हवेत.

पहिला जो फ्रीमन या अमेरिकी स्त्रीवादी कार्यकर्तीचा. १९७०च्या सुमारास तिने मांडलं, की ‘आमच्यात कुणी नेता नाही’ असं म्हणणाऱ्या गटात नेते असतातच, फक्त ते दिसत नाहीत. जुनी मैत्री असलेले, मोकळा वेळ असलेले, बोलण्यात पटाईत असलेले लोक गुपचूप गट चालवतात आणि नियमच नसल्यामुळे त्यांना जाबही विचारता येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर सहलीचं ठिकाण कसं ठरतं, हे आठवलं तरी फ्रीमन पटते.

दुसरा आक्षेप घरचा आणि जास्त बोचरा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या स्वयंपूर्णतेच्या कौतुकावर घणाघात केला. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि जातीयतेचं डबकं आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. जिथे जमीन, विहीर आणि मजुरी एका जातीच्या हातात आहे, तिथे सगळ्यांची ‘संमती’ म्हणजे दबलेल्याचं मौन असू शकतं. पवनारमध्ये स्वेच्छेने आलेल्या, एकाच ध्येयाच्या स्त्रिया होत्या. सगळ्या शहराचं तसं नसतं.

या आक्षेपांना विदर्भातूनच एक उत्तर मिळतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि २००९मध्ये गावाला आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. विनोबांच्या विचारातून आलेले मोहन हिराबाई हिरालाल तिथे अनेक वर्षं सोबत होते. या गावाची मला आवडणारी युक्ती म्हणजे अभ्यासगट. अभ्यासगटात बाहेरचे, आतले, जाणकार, विरोधक सगळे बसू शकतात, हवा तेवढा वाद घालू शकतात, पण तिथे निर्णय घेत नाहीत. निर्णय ग्रामसभेतच. त्यामुळे जास्त शिकलेल्याचं बोलणं मदतीला येतं, पण त्याच्या हातात शिक्का जात नाही. फ्रीमनला जी अदृश्य सत्ता छळत होती, तिला इथे निदान वेगळ्या खोलीत बसवलंय.

हे सगळं खेडं आणि आश्रम झालं. शहराच्या रोजच्या जगण्यात याचं काय होतं?

वर्धा शहरात जुलै १९२८मध्ये जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. देशातल्या अशा पहिल्या मोठ्या घटनांमध्ये त्याची गणना होते, आणि त्यासाठी त्यांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. पण नीट बघितलं तर दार मालकाने उघडलं होतं. ज्याने उघडलं त्याच्याकडे किल्ली राहिली. उदार मालक आणि स्वायत्त जागा यात हा फरक आहे, आणि तो किल्लीपाशीच कळतो.

किल्ली स्वतःची असलेल्या जागा विदर्भाच्या शहरांत १४ ऑक्टोबर १९५६नंतर वस्त्यावस्त्यांतून उभ्या राहिल्या. नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि मग वर्गणी काढून विहार बांधले गेले. संध्याकाळी वंदना, दिवसा अभ्यासिका, कधी महिला मंडळाची सभा, कधी लग्नाची बोलणी, १४ एप्रिलच्या आधी महिनाभर तयारी. एमपीएससी करणारी कितीतरी पोरं-पोरी अशा अभ्यासिकांत बसून शिकली. पर्यायी जागांवरच्या लेखांत कोपनहेगनच्या क्रिस्तियानियाचं नाव हमखास येतं, १९७१मध्ये रिकाम्या लष्करी जागेवर लोकांनी वसवलेली स्वयंशासित वस्ती म्हणून. ते वाचताना मला नेहमी वाटतं, आमच्या गल्लीतल्या विहाराचं नाव या यादीत का नाही? तिथेही जागा लोकांनी मिळवली, पैसा लोकांचा, कमिटी लोकांची, भांडणंही लोकांचीच. फरक एवढाच, की तिथे फोटो काढायला कुणी परदेशातून येत नाही.

साहित्याच्या वाचकांना जवळचं उदाहरण द्यायचं तर फेब्रुवारी २०२३चं वर्धा. ३ ते ५ फेब्रुवारीला इथे ९६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं, न्या. नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष. त्याच दिवसांत, ४ आणि ५ तारखेला, याच शहरात १७वं विद्रोही साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष चंद्रकांत वानखडे. एकीकडे सरकारी अनुदान, दुसरीकडे घरोघर मूठभर धान्य आणि एक रुपया मागायची रीत. या रीतीचं मूळ १९९९मध्ये धारावीत बाबूराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या पहिल्या विद्रोही संमेलनापर्यंत आणि त्याही मागे जोतीराव फुल्यांनी १८८५मध्ये ग्रंथकार सभेला कळवलेल्या नकारापर्यंत जातं. फुल्यांनी तिथे जाऊन भांडण केलं नाही. ‘तुमच्या सभेत आमचं काही नाही’ असा आशय कळवून ते बाहेर राहिले, आणि त्या बाहेर राहण्याची एक परंपरा झाली.

विद्रोही मंडपातही व्यासपीठ असतं, अध्यक्ष असतो, आयोजकांची ठरवाठरवी असते. तो पवनारसारखा सर्वसंमतीवर चालत नाही, आणि दोन दिवसांनी मांडव उतरतो. पण मूठभर धान्य देणारी बाई त्या मंडपात पाहुणी नसते, वाटेकरी असते. ज्वारीच्या विम्यासारखंच हे आहे. वाटा लहान असला तरी चालतो, तो सगळ्यांचा असावा लागतो.

आता अगदी छोटं उदाहरण, आमचं. आम्ही नऊ-दहा जण रविवारी जमून वाचतो. सुरुवातीला एका ओळखीच्या गृहस्थांचा क्लासचा हॉल फुकट मिळाला होता. पंखे, व्हाइटबोर्ड, सगळं होतं. एका रविवारी आरक्षणावरचा लेख वाचायचं ठरलं, तर निरोप आला की ‘असले विषय इथे नकोत’. हॉल फुकट होता, पण किल्ली त्यांची होती. मग एका वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत जागा मिळाली. तिथल्या कमिटीने विषय विचारला नाही. दोनच अटी घातल्या : माणशी दहा रुपये आणि जाताना झाडून जायचं.

तिथे गेल्यावर आमच्यातली एक मुलगी, जी कापडाच्या दुकानात काम करते, म्हणाली की अकराची वेळ तिला जमत नाही, रविवारीही दुकान उघडं असतं. बाकी सगळ्यांना अकराच हवे होते. मतदान घेतलं असतं तर एका मिनिटात विषय मिटला असता. आम्ही दोन रविवार त्यावरच बोललो आणि सकाळी साडेसात ठरवलं. दोघे जण यायचे थांबले, त्यांची उणीव जाणवते. सर्वसंमतीची किंमत असते ती अशी : वेळ जातो, झोप जाते, कधी माणसंही जातात. पण त्या मुलीचा नकार मोजला गेला नसता तर ती गेली असती, आणि ती का आली नाही हे कुणी विचारलंही नसतं.

म्हणून इलिचचं भाषण मी अजूनही मित्रांना पाठवते, फक्त सोबत तीन प्रश्न जोडून. इथला झाडू कुणाकडे आहे? किल्ली कुणाकडे आहे? आणि एकट्या माणसाने ‘नाही’ म्हटलं तर काम थांबतं का? मातीच्या भिंती, खादी, कंपोस्ट, स्लो लिव्हिंगचं रील, सगळं असून या तिन्हींचं उत्तर एकाच माणसाचं नाव असेल, तर ती छान सजवलेली खासगी मालमत्ता आहे. आणि सिमेंटच्या डब्यात, चौथ्या मजल्यावर, चार भाडेकरूंनी या तिन्हींची उत्तरं वाटून घेतली असतील, तर इलिचला न आवडणाऱ्या त्या घरातही काहीतरी सुरू झालेलं आहे.

पवनारच्या बऱ्याच बहिणी आता वृद्ध आहेत. पुढे काय, हा प्रश्न तिथे जाणारे दबक्या आवाजात विचारतात. कुटी जपायला पुरातत्त्वाची माणसं मिळतील, निर्णय घ्यायची रीत जपायला मात्र ती रोज वापरणारी माणसंच लागतात. ती आश्रमातच राहिली पाहिजेत असं काही नाही. रविवारी साडेसातला आमच्याकडे दोन जागा रिकाम्या आहेत. झाडू दाराच्या मागे असतो.